'येस' या नावावर हक्क कुणाचा?

२०१७च्या उन्हाळ्यात एकाच नावाचे दोन बँड दौऱ्यावर होते. 'येस' हे ते नाव, साठच्या दशकातल्या एका इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं. एकात गिटारवर स्टीव्ह हाऊ, ड्रम्सवर अॅलन व्हाइट, कीबोर्डवर जेफ डाउन्स, बेसवर बिली शेरवूड आणि माइकसमोर जॉन डेव्हिसन. दुसऱ्यात गायक जॉन अँडरसन, गिटारवर ट्रेव्हर रॅबिन आणि कीबोर्डवर रिक वेकमन. दोन्हींच्या पोस्टरवर 'येस'. दुसऱ्याच्या पोस्टरवर पुढे तिघांची नावं जोडलेली, एवढाच काय तो फरक. त्यातला खरा 'येस' कुठला यावरून चाहत्यांत जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही.

अँडरसनचा आवाज नाही तो 'येस' नाही, असं एक गट म्हणतो. बेस वाजवणारा संस्थापक ख्रिस स्क्वायर २०१५मध्ये वारला तेव्हाच बँड संपला, असं दुसऱ्याचं म्हणणं. तिसरा त्याहून कडवा. त्याच्या मते सत्तरच्या दशकानंतरचं सगळंच खोटं. मला हे तिन्ही दावे चुकीचे वाटतात. आणि हा प्रश्न एका बँडपुरता नाही. साठ-सत्तरच्या दशकांत उभे राहिलेले इंग्लिश बँड एकेक करून आपला शेवटचा जुना माणूस गमावणार आहेत. नाव मात्र मागे राहणार, कारण नावाला बाजारात भाव आहे. त्या नावाखाली कुणी वाजवायचं आणि कशाच्या जोरावर वाजवायचं, हे ठरवण्याचं काम नुसतं वकिलांच्या हाती सोडून चालणार नाही. ऐकणाऱ्यांनीही आपलं मत बनवायला हवं.

माझं मत असं आहे की जे एकत्र बसून, एकमेकांच्या वाजवण्याला उत्तर देत नवं संगीत उभं करतात, नाव त्यांचं. संस्थापक असणं, गाजलेला आवाज असणं, कागदोपत्री मालकी असणं या गोष्टी त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

मुळात 'मूळ संच' हा शब्दप्रयोगच 'येस'च्या बाबतीत फसवा आहे. १९६८ साली लंडनच्या सोहो भागात, वॉर्डर स्ट्रीटवरच्या एका क्लबात अँडरसन आणि स्क्वायरची गाठ पडली. अँडरसन लँकेशायरमधल्या अॅक्रिंग्टनचा, तेव्हा त्या क्लबात काम करणारा. स्क्वायर बेस वाजवायचा, आणि लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायलेला होता. अनेक आवाज एकमेकांत गुंफून गायचं वेड दोघांनाही होतं. त्यांना येऊन मिळाले गिटारवर पीटर बँक्स, ऑर्गनवर टोनी के आणि ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. हा झाला मूळ संच. त्यातल्या बँक्सला १९७०मध्ये काढलं. के १९७१मध्ये गेला. ब्रुफर्ड १९७२मध्ये किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडला जाऊन मिळाला. चार वर्षांत पाचातले तिघं बाहेर! चाहते ज्याला आज 'अस्सल येस' म्हणून उराशी धरतात तो अँडरसन, स्क्वायर, हाऊ, वेकमन आणि ब्रुफर्ड यांचा संच मूळ नव्हेच. आणि तो टिकला जेमतेम वर्षभर, १९७१च्या उन्हाळ्यापासून १९७२च्या उन्हाळ्यापर्यंत. त्यांच्या नावावर अल्बम दोनच आहेत, 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज'.

त्या वर्षभरात जे घडलं ते थोर होतं, यात मला शंका नाही. पण ते कशामुळे थोर होतं, ते कान देऊन ऐकायला हवं. 'राउंडअबाउट'ची सुरुवात घ्या. पियानोचा एक सूर टेपवर उलटा फिरवलेला. तो लांबून फुगत येतो आणि जिथे तुटतो नेमका तिथे हाऊच्या अकूस्टिक गिटारचा स्वर टिपेला लागतो. थोडा वेळ गिटार एकटीच. मग स्क्वायरचा रिकनबॅकर बेस आत शिरतो. तो बोटांनी नाही, पिकने वाजवलेला आहे. त्यामुळे त्यात घुमारा कमी आणि धार जास्त. रॉक बँडमधला बेस एरवी ड्रमच्या आडोशाने चालतो. इथे तो थेट पुढे येतो आणि गिटारशी बरोबरीने बोलायला लागतो. ब्रुफर्डच्या स्नेअर ड्रमचा कोरडा, टणक ठोका भलत्याच जागी पडतो, आणि वेकमनचा हॅमंड ऑर्गन या सगळ्यांच्या मधून वाट काढत जातो. पाच जण पाच वेगळ्या वाटांनी चाललेत आणि कुणीही कुणाची साथ करत नाहीये. सगळेच पुढे. 'येस' म्हणजे ही रीत. ती माणसांमध्ये असते, एका माणसात नसते.

म्हणूनच माणूस बदलला की ही रीत मोडतेच असं नाही. टोनी के याला हॅमंड आणि पियानो पुरेसे वाटत होते, मूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन या नव्या कीबोर्डांकडे त्याचा ओढा नव्हता. बाकीच्यांना त्या रंगांची गरज होती, म्हणून वेकमन आला. संगीताला जे हवं होतं त्यासाठी माणूस बदलला. ब्रुफर्ड ऐन दौऱ्याच्या तोंडावर गेला तेव्हा अॅलन व्हाइटने तीन दिवसांत सगळं बसवलं आणि अमेरिकेत डॅलसला पहिला कार्यक्रम वाजवला. जॉन लेननच्या 'इमॅजिन'वर वाजवलेला हा ड्रमर. ब्रुफर्डपेक्षा त्याचा हात जड आणि चाल सरळ. बँडचा आवाज बदलला, पण रीत तीच राहिली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं व्हाइट या बँडचा ड्रमर होता, २०२२मध्ये त्याचं निधन होईपर्यंत. त्याला आज कुणी बदली माणूस म्हणत नाही.

लाडक्या माणसांनीसुद्धा वाद ओढवून घेतलेच. १९७३मध्ये आलेला 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' आपल्याकडच्या वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जपानच्या दौऱ्यावर अँडरसन परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचत होता. त्यातल्या एका लांबलचक तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशी शास्त्रांची चौकट सांगितली आहे. त्यावरून अँडरसन आणि हाऊने दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा, चारच रचनांचा अल्बम बांधला. ही चार नावं आपल्या कानावरून लहानपणापासून गेलेली असतात, त्यामुळे आपण गीतांमध्ये शास्त्र शोधायला गेलो तर फारसं काही हाती लागत नाही. तळटिपेवर जेवढं उभं राहू शकतं तेवढंच ते आहे. संगीत मात्र काही ठिकाणी विलक्षण आहे. चौथ्या बाजूवरच्या 'रिच्युअल'मध्ये बेस आणि ड्रम्सनी जे घातलं आहे त्यासाठी मी पहिल्या तीन बाजूंचा पसारा माफ करायला तयार आहे. वेकमन तयार नव्हता. भरीचा माल खूप झाला असं त्याचं म्हणणं होतं आणि तो १९७४मध्ये बाहेर पडला. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि समीक्षकांनी तो सोलून काढला. म्हणजे 'अस्सल' माणसं जमली की अस्सल संगीत निघतंच, हे समीकरण बँडच्या सुवर्णकाळातसुद्धा खरं नव्हतं.

या वादातला सगळ्यात ठळक पुरावा पुढे आहे, आणि तो दोन अल्बम शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पहिला १९८०चा 'ड्रामा'. त्या वर्षी अँडरसन आणि मधल्या काळात परत आलेला वेकमन, दोघंही बँड सोडून गेले. उरले स्क्वायर, हाऊ आणि व्हाइट. गायक नाही, कीबोर्ड नाही. त्यांनी बोलावलं कुणाला, तर 'द बगल्स' या पॉप जोडीच्या ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्सला. आदल्याच वर्षी 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. प्रॉगच्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, दर्दी चाहत्यांना हा विटाळ वाटला. पण अल्बम ऐका. 'मशीन मसाया'ची सुरुवात होते ती जड, घोगऱ्या गिटारने, आणि 'येस'ने तोवर एवढं काळंकुट्ट काही वाजवलंच नव्हतं. 'टेम्पस फ्यूजिट'मध्ये स्क्वायरचा बेस असा धावतो की बाकीच्यांना त्याच्या मागून पळावं लागतं. हॉर्न, स्क्वायर आणि हाऊ यांचे आवाज एकमेकांत मुरलेले. डाउन्स वेकमनसारखा वाजवत नाही, वाजवायला जातही नाही. पाच माणसं एकमेकांचं ऐकून रचतायत हे पदोपदी जाणवतं. माझ्या लेखी 'येस'च्या सर्वोत्तम चार अल्बमांत याची जागा आहे.

त्यानंतरच्या दौऱ्यात हॉर्नचे हाल झाले, हेही खरं. जुनी गाणी अँडरसनच्या उंच पट्टीतली होती, आणि रोज रात्री तिथे पोचणं त्याच्या गळ्याला झेपेना. ब्रिटनमध्ये प्रेक्षकांनी नाराजी दाखवली. काही महिन्यांत बँड फुटला. पण हे अपयश कशाचं होतं? दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या गाण्यांत उभं राहण्याचं. जिथे त्याने स्वतः रचलं, तिथे तो कुठेही कमी पडला नव्हता.

दुसरा अल्बम १९९१चा 'युनियन'. कागदावर याच्याइतका अस्सल 'येस' कधी झालाच नाही. अँडरसन, स्क्वायर, हाऊ, वेकमन, ब्रुफर्ड, व्हाइट, के, रॅबिन असे आठही जण एका नावाखाली. पण हा अल्बम घडला तो दोन वेगळ्या गटांच्या टेप एकत्र करून. आठही जण एकत्र वाजवतायत असं एकही गाणं त्यात नाही. निर्मात्याने बाहेरून वादक आणून हाऊ आणि वेकमनच्या कित्येक जागा त्यांच्याकडून वाजवून घेतल्या. वेकमनने नंतर या अल्बमची जाहीरपणे नालस्ती केली, आणि त्याचा राग मला पटतो. त्याच वर्षी हे आठ जण फिरत्या गोल मंचावर खरोखर एकत्र वाजवायला उभे राहिले तेव्हा लोकांना आनंद झाला, आणि तो रास्त होता. पण अल्बम पोकळ तो पोकळच. नावं सगळी खरी आणि संगीत उपरं.

'ड्रामा' आणि 'युनियन' एकामागोमाग एक ऐकल्यावर नाव माणसांच्या यादीवरून ठरतं असं कुणी कसं म्हणू शकतं, हे मला कळत नाही.

माझ्याविरुद्ध जाणारा सगळ्यात मजबूत दाखला १९८३चा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. स्क्वायर आणि व्हाइटने दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या ट्रेव्हर रॅबिनबरोबर 'सिनेमा' नावाचा नवा बँड काढला होता. के परत आला. ज्याला गायक म्हणून लोकांनी नाकारलं होतं तोच हॉर्न आता निर्माता होता. गाणी बरीचशी तयार होती. मग अँडरसन येऊन गायला आणि 'सिनेमा'चा 'येस' झाला. '९०१२५' हा त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला आणि 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे आवाज आला तेव्हाच नाव आलं, असं अँडरसनचे चाहते म्हणणार. त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. त्या आवाजाशिवाय रेकॉर्ड कंपनीने ते नाव पुढे केलं असतं असं मलाही वाटत नाही. पण नाव छापणं वेगळं आणि ते शोभणं वेगळं. '९०१२५' 'येस' वाटतो तो 'लीव्ह इट'सारख्या गाण्यामुळे, जिथे आवाजावर आवाज चढवून अख्खी इमारत उभी केली आहे. वॉर्डर स्ट्रीटवर दोन माणसांना एकत्र आणणारं वेड ते हेच. रॅबिनने ते ऐंशीच्या दशकाच्या भाषेत मांडलं.

उलट बाजूचा दाखला १९८९चा. अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ एकत्र आले. 'क्लोज टू द एज' करणाऱ्या पाचांतले स्क्वायर सोडून चौघं! पण नाव स्क्वायरच्या गटाकडे होतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि या चौघांना शेवटी आपापली आडनावं एकापुढे एक छापून अल्बम काढावा लागला. कायद्याच्या नजरेत तो 'येस' नव्हता. माझ्या कानांना तो आहे. ज्या संगीताने नाव कमावलं, त्याच वाटेने ते चौघं पुढे चालले होते. कायदा मालकी ठरवू शकतो, आणि व्यवहार चालायचा तर कुणीतरी ती ठरवायलाच हवी. पण मालकी म्हणजे वारसा नव्हे.

वारसा कसा चालतो हे आपल्याला शिकवायला नको. किराणा किंवा जयपूर-अत्रौली घराण्यात खानसाहेब गेल्यावर घराणं बंद होत नाही, कारण गाणं तालमीतून पुढच्या गळ्यात गेलेलं असतं. शेरवूडचं मला तसंच वाटतं. तो 'युनियन'च्या काळापासून स्क्वायरच्या जवळ होता, दोघांनी मिळून गाणी रचली होती, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो काही वर्षं बँडमध्येही होता. २०१५मध्ये रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा स्क्वायरनेच त्याला आपल्या जागी उभं राहायला सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये स्क्वायर गेला. तोवरच्या प्रत्येक अल्बमवर वाजवलेला तो एकटाच होता. शेरवूडचा बेस ऐकताना स्क्वायरची धार ओळखू येते, पण वाक्यं शेरवूडची असतात. याला नक्कल म्हणणं अन्याय आहे.

वारसा वाईट पद्धतीनेही चालवला जातो, आणि 'येस'ने तेही केलं आहे. १९७०मध्ये 'टाइम अँड अ वर्ड' अमेरिकेत निघाला तेव्हा मुखपृष्ठावरच्या फोटोत हाऊ होता. अल्बमवर गिटार वाजवली होती बँक्सने. आपलं काम आपल्या जागी आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने विकलं जातंय हे पाहून बँक्सला काय वाटलं असेल! मग २००८. अँडरसन श्वसनाच्या गंभीर आजाराने पडला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि चाळिसाव्या वर्षाचा दौरा रद्द झाला. त्याच वर्षी बाकीच्यांनी 'येस'च्याच गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका कॅनेडियन बँडमधून बन्वा दाव्हिद या गायकाला आणलं आणि ते निघाले. सुरुवातीला पोस्टरवर 'येसचे हाऊ, स्क्वायर आणि व्हाइट' अशा अर्थाचं लिहिलेलं असायचं. ते प्रामाणिक होतं. नंतर ती नावं गेली आणि उरलं फक्त 'येस'. आजारी सहकाऱ्याशी असं वागायला नको होतं.

त्याहून मला खटकतं ते दाव्हिदचं. २०११च्या 'फ्लाय फ्रॉम हिअर'वर तो गायला, आणि चांगलं गायला. पुढे तोही आजारी पडला आणि २०१२मध्ये त्याच्या जागी डेव्हिसन आला. इथवर ठीक. २०१८मध्ये तोच अल्बम पुन्हा काढला, त्यात दाव्हिदचा आवाज काढून टाकून हॉर्नचा घातलेला. मुख्य रचनेची मुळं १९८०मधली, हॉर्न आणि डाउन्सची, त्यामुळे हॉर्नला ती गायचा अधिकार होताच. पण तो अधिकार बजावण्यासाठी दुसऱ्याचं झालेलं काम पुसायची गरज नव्हती. नाव त्या क्षणी जे रचतात त्यांचं, असं मी म्हणतो, तेव्हा त्यात हेही येतं की ज्याने त्या नावाखाली काम केलं त्याचं काम कायमचं त्याचं. हा नियम बँक्सला लागू, दाव्हिदला लागू, आणि अँडरसनलाही.

एप्रिल २०१७मध्ये ब्रुकलिनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये 'येस'चा समावेश झाला. स्क्वायर नव्हता. 'राउंडअबाउट'ला त्याचा बेस कॅनडाच्या 'रश' बँडच्या गेडी लीने वाजवला. 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'ला रॅबिनच्या हाती गिटार होती आणि बेस घेतला हाऊने. आयुष्यभर गिटार वाजवलेला माणूस, मूळ ध्वनिमुद्रणात ज्याचा संबंधही नव्हता अशा गाण्यात, दुसऱ्याच्या जागी बेस वाजवत होता. त्या रात्री दोन्ही 'येस' एका मंचावर होते आणि पाच मिनिटांपुरतं भांडण उरलं नव्हतं. पुढे ते पुन्हा आपापल्या बसमध्ये बसले, याचं मला आजही वाईट वाटतं.

सध्याच्या संचाला मी माझ्याच कसोटीवर लावून पाहतो. २०१४चा 'हेवन अँड अर्थ' निस्तेज होता, आणि त्यात स्क्वायर होता, व्हाइट होता, हाऊ होता. २०२३चा 'मिरर टु द स्काय' कितीतरी जिवंत आहे, आणि त्यात या तिघांतला एकटा हाऊ आहे. व्हाइटनंतर ड्रम्सवर जे शेलन आला आहे. जवळजवळ चौदा मिनिटांच्या शीर्षकगीतात हाऊ नव्या माणसांना जागा देतो आणि ते ती घेतात. १९७२ची उंची त्यात नाही. ती मी मागतही नाही.

लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९०४पासून आहे आणि आज त्यात १९०४चा एकही वादक नाही, मग रॉक बँडचं एवढं काय, असा युक्तिवाद कधीकधी ऐकू येतो. तो मला पुरेसा वाटत नाही. ऑर्केस्ट्रा दुसऱ्यांनी लिहिलेलं वाजवतो, ते त्याचं कामच आहे. 'येस'चं काम स्वतः रचणं हे होतं. हाऊचा जन्म १९४७चा आहे आणि एक दिवस तोही थांबेल. त्यानंतर डेव्हिसन, शेरवूड, डाउन्स आणि शेलन यांनी नवं रचत राहायचं ठरवलं, कोण वाजवतंय ते पोस्टरवर ठळक छापलं आणि पूर्वीच्या प्रत्येकाचं नाव त्याच्या कामापुढे ठेवलं, तर त्यांनी 'येस' म्हणवून घेण्याला माझी हरकत नसेल. त्यांनी फक्त 'क्लोज टू द एज' जसंच्या तसं वाजवत गावोगाव फिरायचं ठरवलं, तर मात्र ते नाव त्यांनी खाली ठेवावं. जुन्या बँडची गाणी दुसऱ्या नावाने, प्रेमाने आणि उघडपणे वाजवणारे संच जगभर आहेत. त्यांच्यात जाऊन बसण्यात कमीपणा काहीच नाही.